साहेबांचं रोजचं बोलणं आणि टीमची उमेद

कंपनीत 'मोटिव्हेशन'चा कार्यक्रम ठरला की काय होतं ते नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हॉटेलचा हॉल, बाहेरून बोलावलेले वक्ते, दुपारी पनीर आणि गुलाबजाम, शेवटी सगळ्यांचे हात वर असलेला ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब टेबलापाशी येतात आणि म्हणतात, "ती फाइल अजून झाली नाही? करता काय तुम्ही दिवसभर?" कालचा सगळा खर्च तिथेच पाण्यात जातो.

हा लेख त्या दुसऱ्या दिवसाच्या सकाळबद्दल आहे. हाताखालच्या माणसांना कामाची उमेद कशाने येते आणि कशाने जाते, यावर गेल्या पन्नासेक वर्षांत भरपूर अभ्यास झाला आहे. त्यातून निघालेली मुख्य गोष्ट साधी आहे: वर्षातून एकदाच्या भाषणापेक्षा रोजची दोन-चार वाक्यं जास्त परिणाम करतात. गडबड होते ती कोणती वाक्यं यावर. 'लोकांचं कौतुक करत जा' एवढाच सल्ला लक्षात राहतो, आणि मग ग्रुपवर 'गुड जॉब टीम' टाकून माणूस मोकळा होतो. माझ्या मते कौतुक हा यातला सगळ्यात छोटा तुकडा आहे. काम नीट समजावून सांगणं हा त्याहून मोठा. आणि सगळ्यात मोठा कोणता, तर कुणी वाईट बातमी घेऊन समोर आलं की त्या क्षणी आपण काय करतो हा.

हुकूम, माणूस, अर्थ

1988 साली जेरेमाया सलिव्हन या अमेरिकी अभ्यासकाने एक मांडणी केली. वरिष्ठाचं बोलणं तीन प्रकारची कामं करू शकतं, असं त्याचं म्हणणं. एक, काय करायचं, कधी, कसं हे सांगून समोरच्याच्या मनातला गोंधळ कमी करणं. दोन, समोर एक माणूस आहे याची दखल घेणं. तीन, या कामाला काय अर्थ आहे, ते कुठे जाऊन पोचतं हे सांगणं. बहुतेक वरिष्ठ पहिल्यावरच थांबतात, हा त्याचा मुद्दा होता. पुढे टेक्सासमधल्या जॅकलिन आणि मिल्टन मेफिल्ड या संशोधक जोडीने हे मोजायची प्रश्नावली तयार केली. ज्यांचे वरिष्ठ तिन्ही प्रकारे बोलतात त्यांचं कामात मन जास्त लागतं आणि काम जास्त चांगलं होतं, असं त्यांच्या अभ्यासांत दिसत गेलं.

मी तर म्हणेन की आपल्याकडे पहिलं कामही धड होत नाही. हुकूम असतो, पण त्यात माहिती नसते.

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतलं एखादं मशीन शॉप घ्या. सकाळची शिफ्ट सुरू होतेय, सुपरवायझर सीएनसीवरच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरच्या, ऑपरेटरला म्हणतो, "आज चारशे पीस पाहिजेत हं." झालं. आता हेच असं सांगितलं तर बघा: "आज चारशे पीस. त्यातले दीडशे दुपारी एकच्या गाडीला जाणार आहेत, ते आधी काढा. काल सेकंड शिफ्टला बोअर वरच्या लिमिटला चालला होता, म्हणून दर वीस पिसांना गेज लावून बघा. इन्सर्ट गेल्यासारखा वाटला तर मशीन थांबवा आणि मला हाक मारा. आकडा कमी पडला तर वर काय सांगायचं ते मी बघतो." (बोअर म्हणजे पिसातलं भोक, गेज म्हणजे ते तपासायचं साधन, इन्सर्ट म्हणजे धातू कापणारी पाती.)

बोलायला अर्धा मिनिट जास्त लागला. यात एकही गोड शब्द नाही, शाबासकी नाही. तरी ऑपरेटर मशीनवर जातो तो वेगळ्या मनाने, कारण त्याला चार गोष्टी कळल्या: घाई कशाची आहे, धोका कुठे आहे, थांबायचा अधिकार त्याला आहे, आणि थांबला तर बोलणी कोण खाणार. यातली शेवटची सगळ्यात मोलाची. 'आकडाही पाहिजे आणि रिजेक्शनही नको' असं दोन्हीकडून दाबलं की माणूस स्वतःपुरता एक मार्ग काढतो. आकडा पूर्ण करतो आणि संशयाचे पीस क्रेटच्या तळाशी घालतो. त्याला आपण कामचुकार म्हणतो. खरं तर काय महत्त्वाचं आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरं काम माणसाची दखल घेण्याचं. इथे 'टीम बाँडिंग' वगैरे मोठ्या गोष्टींची गरज नाही. नावापासून सुरुवात करता येईल. कॉलेजातून नुकताच आलेला ट्रेनी इंजिनिअर पन्नाशीच्या फिटरला "ए, इकडे ये" म्हणतो. ठेकेदाराकडून आलेल्या पोरांना तर नावच नसतं, "ते कॉन्ट्रॅक्टवाले दोघं" एवढीच त्यांची ओळख. त्या फिटरला "काका, जरा बघता का" म्हटल्याने इंजिनिअरची पत कमी होत नाही. उलट त्या मशीनचा आवाज कसा बदलला की काय बिघडतं, हे फक्त त्या काकांना माहीत असतं, आणि ते सांगायचं की नाही हे संपूर्णपणे त्यांच्या हातात असतं.

दखल म्हणजे प्रत्येक गोष्टीला हो म्हणणं, असा एक गैरसमज आहे. गणपतीत कोकणातल्या माणसाने पाच दिवसांची सुट्टी मागितली आणि देता येत नसेल, तर "सगळ्यांच्याच घरी गणपती असतात" हे उत्तर सत्य असलं तरी दुखावणारं आहे. "पाच नाही जमणार. गौरीपर्यंत माणसं कमी आहेत आणि डिस्पॅच आहे. दोन दिवस नक्की देतो, कुठले दोन पाहिजेत ते तुम्ही ठरवा." नकार तोच आहे. पण कारण सांगितलं, आणि जेवढं हातात होतं तेवढं ठरवायला त्याला दिलं. गावाला जाऊन परत आला की "कसे झाले गणपती?" विचारायचं आणि उत्तर ऐकून घ्यायचं. मोबाइलकडे बघत विचारलेला प्रश्न न विचारलेला बरा.

तिसरं काम अर्थाचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अॅडम ग्रँट यांचा 2007 सालचा एक प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. एका विद्यापीठाच्या कॉल सेंटरमधली मुलं माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागत. कंटाळवाणं काम, दिवसभर 'नको' ऐकायचं. त्यातल्या काहींची, त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभराने पाहिलं तर या गटाचा फोनवर बोलण्याचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता, आणि गोळा केलेली रक्कमही. पगार तोच, टार्गेट तेच.

आपल्याकडे बेअरिंगची रिंग घासणाऱ्या कित्येक जणांनी ती रिंग कुठे बसते ते पाहिलेलं नसतं. बँकेच्या शाखेत पीककर्जाची फाइल करणाऱ्याला ते पैसे पेरणीच्या आधी पोचले की नंतर, हे कुणी कळवत नाही. कळवायला काही पैसे पडत नाहीत.

कौतुकाची भानगड

'कौतुक केलं की डोक्यावर बसतात' हे आपल्याकडचं जुनं मत आहे. मराठी घरांत तर स्वयंपाक अप्रतिम झाला तरी "बरं झालंय" यापुढे गाडी जात नाही, तेव्हा ऑफिसात वेगळं काय होणार. पण अभ्यास काय सांगतात ते पाहू, कारण ते दोन्ही बाजूंनी थोडे गैरसोयीचे आहेत.

1971 साली एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना एक ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं. ज्यांना सोडवल्याबद्दल पैसे दिले, त्यांचा पैसे बंद झाल्यावर त्या कोड्यातला रस कमी झाला. ज्यांना नुसतं तोंडी कौतुक मिळालं त्यांचा रस तसा घटला नाही. 2010 मध्ये ग्रँट आणि फ्रान्चेस्का जीनो यांनी देणगी मागणाऱ्यांवरच आणखी एक प्रयोग केला. अर्ध्या लोकांचे विभागाच्या प्रमुख बाईंनी येऊन मनापासून आभार मानले, बाकीच्यांचे नाही. पुढच्या आठवड्यात आभार मानलेल्या गटाने आधीपेक्षा पन्नास टक्क्यांहून अधिक फोन केले. दोन वाक्यांचे आभार होते ते.

म्हणजे कौतुक चालतं. आता दुसरी बाजू. 1996 मध्ये अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डिनिसी यांनी 'कामाबद्दल सांगणं', ज्याला आपण सरसकट फीडबॅक म्हणतो, त्यावरचे जुने सगळे प्रयोग एकत्र केले. सहाशेहून अधिक निष्कर्ष तपासले. सरासरीने फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम आधीपेक्षा खराब झालं होतं! टीकेमुळेच असं होतं असंही नाही. बोलणं कामावरून सरकून माणसावर गेलं की बिघाड सुरू होतो, असा त्यांचा निष्कर्ष. 'तू हुशार आहेस' किंवा 'तू निष्काळजी आहेस', दोन्हींमुळे समोरच्याचं लक्ष कामावरून उडतं आणि स्वतःच्या प्रतिमेकडे जातं. आता हुशार ठरलेल्याला हुशारी टिकवायची चिंता लागते, म्हणून तो अवघड काम अंगावर घेत नाही. निष्काळजी ठरलेला मनातल्या मनात वकिली करत बसतो.

त्यामुळे "मस्त काम केलंस" यापेक्षा "त्या पार्टीच्या बिलात जीएसटीचा फरक तू पकडलास, नाहीतर महिनाअखेरीला आपण सगळे बसलो असतो" हे वाक्य कितीतरी उपयोगी आहे. यात काम कोणतं, तू काय केलंस आणि त्याने काय वाचलं हे तिन्ही आलं. विशेषण एकही नाही. टीकेलाही हाच नियम. "तुमचं लक्षच नसतं" यावर समोरच्याने काय करायचं? "या आठवड्यात तीन चलनांवर तारीख राहिली, कशामुळे राहतेय?" यावर काहीतरी करता येतं.

चारचौघांत कौतुक करावं आणि एकांतात चूक सांगावी, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. चूक एकांतात, हे शंभर टक्के. कौतुक चारचौघांत, हे मात्र जपून. तिघांनी रात्र जागून केलेल्या कामासाठी ग्रुपवर एकाचंच नाव आलं, की उरलेले दोघं ते वर्षभर विसरत नाहीत. आणि काही माणसं अशी असतात की सगळ्यांसमोर कौतुक झालं तर त्यांना जमिनीत जावंसं वाटतं. अशांना जाता जाता हळूच सांगावं.

बक्षीस, कौतुक, पाठिंबा, स्पष्ट टार्गेट आणि कामातली प्रगती, यांत माणसाला सर्वांत उमेद कशाने येते? हार्वर्डच्या तेरेसा अमाबिले यांनी सात कंपन्यांतल्या 238 जणांकडून रोजच्या कामाची डायरी लिहून घेतली. जवळजवळ बारा हजार नोंदी जमल्या. चांगल्या दिवसांमागे सर्वांत जास्त वेळा दिसलेलं कारण होतं: त्या दिवशी काम थोडं तरी पुढे सरकलं होतं. मग सहाशेहून अधिक मॅनेजरांना विचारलं की तुमच्या मते क्रम काय. त्यांनी प्रगतीला शेवटचा नंबर दिला.

मला हा निष्कर्ष सगळ्यात कामाचा वाटतो, कारण त्यातून रोज विचारता येईल असा एक प्रश्न मिळतो: "कशामुळे अडलंय?" आणि उत्तर मिळालं की ते अडलेलं आपण सोडवायचं. स्टोअरमधून सही होत नाही, आयटीवाले ॲक्सेस देत नाहीत, शेजारचा विभाग मेलला उत्तर देत नाही. हाताखालच्या माणसाला ज्यासाठी चार दिवस लागतात ते साहेबाच्या एका फोनने होतं. तो फोन त्याच्यासमोर लावणं हेसुद्धा बोलणंच आहे.

"साहेब, जरा बोलायचं होतं"

आता खरा मुद्दा. हे वाक्य कानावर पडलं की पुढच्या दहा सेकंदांत साहेब काय करतात, यावर टीम त्यांना पुढचं वर्षभर काय सांगणार आणि काय लपवणार हे ठरतं.

याचं एक गाजलेलं उदाहरण फोर्ड या मोटार कंपनीतलं आहे. 2006 साली अॅलन मुलाली बोइंग ही विमान कंपनी सोडून फोर्डचे प्रमुख झाले. कंपनी गाळात होती. त्या एका वर्षात तिला साडेबारा अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. मुलालींनी दर गुरुवारी सगळ्या विभागप्रमुखांची बैठक सुरू केली. प्रत्येकाने आपल्या कामांचे तक्ते आणायचे आणि त्यांना रंग द्यायचे: ठीक चाललंय तर हिरवा, जरा शंका असेल तर पिवळा, अडलंय तर लाल.

पहिले काही आठवडे सगळे तक्ते हिरवे! कंपनी अब्जावधी डॉलर गमावतेय आणि खोलीत नुसती हिरवळ. यावर हसायचं कारण नाही. आपल्याकडच्या कुठल्याही आढावा बैठकीत बसून बघा, 'काम प्रगतिपथावर आहे' याशिवाय दुसरं काही ऐकू येणार नाही. फोर्डमध्ये तोवरचा अनुभव असा होता की बैठकीत कमजोरी दाखवली की सहकारीच लचके तोडतात. मुलालींनी विचारलं, आपण इतका तोटा करतोय, मग काहीच बिघडलेलं नाही का?

नंतरच्या एका बैठकीत अमेरिका खंडाची जबाबदारी असलेल्या मार्क फील्ड्स यांनी एक तक्ता लाल आणला. 'एज' नावाची नवी गाडी कॅनडातल्या ओकव्हिल कारखान्यातून बाहेर पडायची होती आणि तिच्या मागच्या दरवाजाच्या यंत्रणेत दोष सापडला होता. फील्ड्सनी गाड्या पाठवणं थांबवलं होतं. खोली चिडीचूप. यांची नोकरी गेली, असंच बाकीच्यांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या. इतकं स्पष्ट दाखवल्याबद्दल शाबासकी दिली आणि विचारलं, यात मदत कोण करू शकेल? लगेच दोघा-तिघांनी हात वर केला: एकाने हा दोष दुसऱ्या गाडीत पाहिला होता, दुसऱ्याने माणसं पाठवतो म्हटलं. तरीही पुढच्या बैठकीत लगेच सगळे तक्ते रंगीत झाले असं नाही. फील्ड्स अजून खुर्चीवर आहेत ना, हे लोकांनी आधी पाहून घेतलं. मग हळूहळू लाल-पिवळं येऊ लागलं. 2014 मध्ये मुलाली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी हेच फील्ड्स आले.

एका टाळीने फोर्ड वाचली असं म्हणणं म्हणजे थाप होईल. 2006 मध्येच कंपनीने कारखाने आणि नाव गहाण टाकून प्रचंड कर्ज उभं केलं होतं. 2008 मध्ये जग्वार-लँड रोव्हर विकली, ती आपल्या टाटा मोटर्सने घेतली. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर 2009 साली दिवाळखोरीत गेल्या तेव्हा फोर्ड तग धरून राहिली ती मुख्यतः त्या पैशांवर. पण पैसा कुठे लावायचा हे ठरवायला काय बिघडलंय ते कळावं लागतं, आणि ते त्या लाल तक्त्यापासून कळायला लागलं.

याच्यामागचं शास्त्र हार्वर्डच्याच एमी एडमंडसन यांनी मांडलं आहे. 1990 च्या दशकात त्या रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. ज्या वॉर्डात एकोपा चांगला तिथे चुका कमी असतील, ही अपेक्षा. आकडे आले ते उलटे: चांगल्या वॉर्डांत चुका जास्त! थोडं खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या वॉर्डांत नर्स गप्प राहत. 1999 साली त्यांनी या गोष्टीला 'मानसिक सुरक्षितता' असं नाव दिलं: प्रश्न विचारला, चूक कबूल केली, शंका काढली तर इथे आपला पाणउतारा होणार नाही, हा टीममधल्या सगळ्यांचा भरवसा. गुगलने 2012 पासून आपल्या 180 टीम तपासल्या, तेव्हा चांगल्या टीमना वेगळं काढणाऱ्या गोष्टींत हीच पहिली आली. कोण किती हुशार, कोण कुठल्या कॉलेजचा, याचा तेवढा संबंध दिसला नाही.

कारखान्यात हे रोज कसं चालतं त्याचा नमुना म्हणजे टोयोटाची दोरी. असेम्ब्ली लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला काही खटकलं की त्याने डोक्यावरची दोरी ओढायची. दिवा लागतो, धून वाजते, टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर लाइन थांबते. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, भांडणं आणि गैरहजेरीसाठी बदनाम. तो 1982 मध्ये बंद पडला. 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तो पुन्हा सुरू केला, बहुतेक जुन्याच कामगारांना घेऊन. गैरहजेरी घटली, गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या तोडीचा झाला. अनेक गोष्टी बदलल्या होत्या, पण कामगारांच्या लक्षात राहिली ती दोरी. आधी लाइन थांबवणं म्हणजे पाप होतं. आता दोरी ओढली की समोर आलेला माणूस विचारायचा, काय झालं, कशी मदत करू.

पुण्या-नाशिकच्या बऱ्याच कारखान्यांतही अशी दोरी किंवा बटण आता आहे. प्रश्न इतकाच की ते दाबल्यावर येणारा माणूस पहिलं वाक्य कोणतं बोलतो. "काय रे, परत?" असेल तर महिन्याभरात त्या बटणावर धूळ बसते.

मग वाईट बातमी आली की म्हणायचं काय? भोसरीच्या त्याच शॉपमध्ये ऑपरेटर येऊन सांगतो, "साहेब, साठ पीस ओव्हरसाइज गेलेत, मला आत्ता कळलं." जिभेवर पहिल्यांदा येतं ते "आत्ता सांगतोस?" हे गिळायचं, कारण याचा त्याला मिळणारा अर्थ एवढाच की पुढच्या वेळी अजिबात सांगू नकोस. "बरं झालं सांगितलंस. क्रेट बाजूला काढलंस ना? गाडीत काही गेलेत का?" आधी नुकसान थांबवायचं. 'कसं झालं' हे संध्याकाळी, डोकं थंड झाल्यावर. 'कोणी केलं' या प्रश्नाने प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. 'कसं झालं' विचारलं की इन्सर्टची पेटी संपली होती आणि स्टोअर बंद होतं, ही माहिती बाहेर येते.

याचा अर्थ कुणालाच जाब विचारायचा नाही असा नव्हे. गेज न लावता नोंदवहीत आकडे भरले असतील तर ती वेगळी गोष्ट, त्याची वेगळी कारवाई. चूक सांगणाऱ्याला आणि चूक लपवणाऱ्याला एकच वागणूक मिळाली, तर सांगण्यात शहाणपण कसलं?

रात्री साडेदहाचा मेसेज

आता निम्मं बोलणं व्हॉट्सॲपवर होतं, आणि तिथे चेहरा नसतो. साहेब रात्री साडेदहाला एकाला लिहितात, 'उद्या सकाळी लवकर भेटा.' त्यांना फक्त नव्या ऑर्डरबद्दल बोलायचं असतं. ज्याला लिहिलं तो रात्रभर कूस बदलत राहतो. 'नव्या ऑर्डरबद्दल' हे दोन शब्द जोडले असते तर झोप लागली असती. मेसेज सकाळी पाठवला असता तर आणखी उत्तम.

ग्रुपवर एखाद्याचं नाव घेऊन 'हे का पेंडिंग आहे?' विचारणं म्हणजे चावडीवर उभं करणं. त्याला उत्तर म्हणून येणारा 'नोटेड सर' म्हणजे होकार नसतो. आणि साहेबांच्या प्रत्येक फॉरवर्डवर पडणारे अंगठे तर मोजूच नयेत.

बोलण्याने जे होत नाही

22 मार्च 2020 ला देशभर थाळ्या वाजल्या, डॉक्टर-नर्सबरोबर आशा सेविकांसाठीही. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक पुरस्कार दिला. आणि ऑक्टोबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या त्याच आशा आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक मानधनासाठी संपावर गेल्या. कौतुकाची यादी केली तर त्यांच्या वाट्याला आलं तेवढं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. पण ज्या कामाला मोबदला हवा तिथे कौतुक दिलं, की पुढच्या कौतुकाचाही राग येतो.

रोजच्या बोलण्याची मर्यादा ही आहे. तुटपुंजा पगार, न मिळालेला ओव्हरटाइम, वर्षानुवर्षं कायम न होणारी नोकरी यांना गोड बोलणं हा इलाज नाही, आणि लोकांना ते वास घेतल्यासारखं कळतं. वरच्या प्रयोगांतली देणग्या मागणारी माणसं निदान ठरलेला पगार घेत होती.

पण मधल्या फळीतल्या साहेबाच्या हातात पगार नसतो. गटप्रवर्तक बाई आशांचं मानधन वाढवू शकत नाहीत; त्यांचं स्वतःचंच तुटपुंजं असतं. शाखाधिकारी इन्क्रिमेंट ठरवत नाही. अशा वेळी दोन वाटा सोप्या असतात: 'वरून येईल, धीर धरा' म्हणायचं, किंवा विषयच टाळायचा. तिसरी वाट जरा अवघड आहे, पण माणसं तिलाच मान देतात. "वाढ माझ्या हातात नाही. तुमची मागणी मी लेखी वर पाठवली आहे, ही प्रत. मंगळवारी मीटिंग आहे, तिथे विचारतो. जे उत्तर मिळेल ते, नाही असलं तरी, बुधवारी तुम्हाला सांगतो." आणि मग बुधवारी खरंच सांगायचं. उत्तर आलं नसेल तर 'उत्तर आलं नाही' हे सांगायला जायचं.